वाचक विचारतात: नातीने ‘द सिक्रेट गार्डन’ वाचावं का?

प्रश्न: ताई, दहा वर्षांच्या नातीला वाढदिवसाला मी ‘द सिक्रेट गार्डन’ दिलं. अर्धं वाचून झाल्यावर ती म्हणाली, “आजी, ही मुलगी भारतात सारखी आजारी आणि इंग्लंडला गेल्यावर धडधाकट, असं कसं?” मला उत्तर सुचलं नाही. सूनबाई म्हणते, असली साहेबी पुस्तकं घरात नकोत. काय करू?
— एक आजी, नाशिक

उत्तर: पुस्तक काढून घेऊ नका. जिला हा प्रश्न आपणहून पडला तिला पुस्तक बिघडवेल, अशी भीती मला तरी वाटत नाही. शाळेच्या ग्रंथालयात माझी हयात गेली. मुली वाचतात त्याहून जास्त त्यांना कळतं.

नातीने बरोबर पकडलंय. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ही कादंबरी १९११ची. तिची नायिका मेरी लेनॉक्स किडकिडीत, पिवळट, तुसडी. आईला पार्ट्यांपुढे पोर नको होती, बापाला कामापुढे सवड नव्हती, हे लेखिका सांगते. पण बोट राहतं ते भारतातल्या उकाड्यावर आणि हांजी हांजी करणाऱ्या नोकरांवर. यॉर्कशायरच्या माळावरचा वारा लागला की पोरीला भूक लागते, गालांवर रंग चढतो! चौथ्या प्रकरणात मोलकरीण मार्था म्हणते, तू भारतातून येणार म्हणजे काळी असशील असं मला वाटलेलं. मेरी भडकते: नेटिव्ह म्हणजे माणसं नव्हेतच, सलाम ठोकणारे नोकर. हे पान नातीबरोबर मोठ्याने वाचा. लेखिका मेरीला इथे शहाणी ठरवत नाही, हेही खरं. पण मार्थाला कोणी हटकत नाही.

मला मात्र त्यातली आया सोडत नाही. पहिल्याच प्रकरणात ती कॉलऱ्याने मरते. ‘सैदी’ हे तिचं नाव ओझरतं येतं, एवढंच. पुढे एका रात्री आतेभाऊ कॉलिनला झोप येत नसते, तेव्हा मेरी त्याचा हात थोपटत आया म्हणायची ते हिंदुस्थानी गाणं गुणगुणते आणि तो झोपतो. जिला ही पोर ‘डुकराची पोरगी’ म्हणायची, तिचीच माया अडल्या वेळी कामाला आली. कॉलिन काय उचलतो? राजासारखी फर्मानं सोडणं. माणसांना घालवून द्यायचं तर भारतात काय म्हणतात, हे तो मेरीलाच विचारून घेतो. म्हणजे तिच्या वाट्याला भारतातलं थोपटणं, त्याच्या वाट्याला हुकूम.

पुढे पुस्तकच मेरीच्या हातून निसटतं. कुलूपबंद बागेची किल्ली तिला सापडली, दार तिने उघडलं. पण भाषणं देतो कॉलिन, मोठा शास्त्रज्ञ होणार म्हणतो कॉलिन, आणि अखेरचे शब्दही ‘मास्टर कॉलिन’. मला साहेबीपणापेक्षा याचा राग जास्त येतो. तरी ती बाग मला अजून आवडते, त्याला इलाज नाही.

तुम्ही दिलेली आवृत्ती संक्षिप्त असेल तर बदलून पूर्ण घ्या. काटछाटीत मार्थाचं ते बोलणं आणि आयाचं गाणं उरलंय की नाही, सांगता येत नाही. सूनबाईंनाही वाचायला द्या, मग भांडा खुशाल. आणि शेवटच्या प्रकरणात मेरी किती वेळा तोंड उघडते, ते नातीला मोजायला सांगा.