नाव बदललं म्हणून माणूस लपत नाही

ताई, तुमचा मेल वाचला आणि खोटं कशाला बोलू, मुलीच्या कथेचे सहाही भाग वाचून काढले, लिहिते छान. तर प्रकरण असं की मुलगी १७ ची, बारावीला, ब्रेकअप झाल्यावर तिने त्यावर क्रमशः कथा टाकायला घेतली, मग त्या पोरानेही १७ व्या वर्षीच लेखक व्हायचं ठरवून उलटी कथा लिहिली, सगळा क्लास दोन्ही वाचतोय, आणि आता त्याच्या वडिलांची वकिलामार्फत नोटीस आलीय की ५ लाख द्या नाहीतर सायबरला जातो.

घाबरू नका, नोटीस म्हणजे कोर्टाची ऑर्डर नाही. बदनामी (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६) अदखलपात्र आहे, पोलिस असे थेट येऊन उचलत नाहीत, आणि १८ च्या आतलं पोर बाल न्याय मंडळापुढे जातं, लॉकअपमध्ये नाही.

पण "नाव तर बदललंय ना" ह्यावर विसंबू नका. निळी स्कूटी, मागे वाकडा चिकटलेला गणपतीचा स्टिकर, दर वाक्याला "कसंय ना", क्लासमधलं कुणीही सांगेल हा कोण. आता कथेतला हिरो बोअर आहे, आईला विचारून प्रेम करतो वगैरे, ह्यात केस उभी राहणं अवघड, राग येणारच माणसाला. भाग ४ मध्ये मात्र तो फीचे पैसे ढापतो, ते खरंच घडलंय का? नसेल तर खरी अडचण ती आहे, आणि घडलं असलं तरी फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. तो परिच्छेद काढा, स्टिकरही काढा. भाग ५ मधला गच्चीवरचा प्रसंग तर आजच, कारण पात्रं अल्पवयीन आहेत आणि आयटी कायद्याच्या कलम ६७ब मध्ये (अल्पवयीन मुलांना अश्लील रीतीने दाखवण्याबद्दलचं) नुसता लिहिलेला मजकूरही येतो. साहित्य म्हणून वाद घालता येईल, पण बारावीच्या वर्षात कशाला? काढण्याआधी सगळ्याची कॉपी ठेवा.

त्या पोराने तिचे खरे व्हॉट्सॲप मेसेज जसेच्या तसे कथेत चिकटवलेत, त्याचे लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. नोटिशीच्या उत्तरात हा मुद्दा आला की ५ लाखांचा आवाज बराच खाली येईल असं मला वाटतं.

आणि भाग ७ मध्ये "नोटीसवाले काका" आणायचा तिचा विचार आहे म्हणता, हसलो मी, पण नको. नोटिशीच्या उत्तराला दिलेल्या १५ दिवसांपैकी ६ गेलेत, ह्या आठवड्यात जवळच्या वकिलाकडून उत्तर पाठवा.