ऑपरेशनच्या दिवशी इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) ५ किलो-ओहम होता, बाहेरचं मशीन पहिल्यांदा चालू करताना १२ आला. मुलीचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवलेलं यंत्र) खराब निघालं का?

नाही. तुम्ही लिहिलंय की २२च्या २२ इलेक्ट्रोडचे (कानात करंट देणाऱ्या धातूच्या टोकांचे) आकडे वाढलेत, तेही जवळपास सारखेच. खराबी सहसा अशी सगळीकडे सारखी दिसत नाही. 'लॅबमध्ये तपासून आलेली वस्तू महिन्याभरात बदलते कशी?' हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. मी छत्रपती संभाजीनगरला ऑडिओलॉजिस्ट आहे. बीड-परभणी-हिंगोलीहून मॅपिंगला (मुलाला सोसेल तसा मशीनचा करंट लावून घ्यायला) येणारे आईवडील हेच विचारतात.

लॅबमध्ये प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड मिठाच्या पाण्यात ठेवून मोजतात. तिथे आयनांना फिरायला मोकळं रान. कॉक्लियातल्या, म्हणजे आतल्या कानाच्या शंखातल्या द्रवात मात्र प्रथिनं असतात, ती लगेच धातूला चिकटतात. पाठोपाठ पेशी जमतात आणि काही आठवड्यांत इलेक्ट्रोडभोवती तंतूंचं आवरण तयार होतं. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात ना, तसंच काहीसं. फक्त हा थर जिवंत असतो, कमी-जास्त होत राहतो. पेसमेकरमध्येही हेच होतं, म्हणून त्याच्या तारेच्या टोकाला स्टिरॉइड भरायची पद्धत आली.

याचा फरक पडतो तो व्होल्टेजवर. समजा अर्धा मिलिअँपिअर करंट द्यायचाय. ५ किलो-ओहमला अडीच व्होल्ट पुरतात, १२ला ६ लागतात. आतल्या चिपला व्होल्टेजची मर्यादा असते. ती गाठली की प्रोग्रॅममध्ये करंट कितीही वाढवा, मुलीला आवाज मोठा होत नाही. अशा वेळी आम्ही करंट न वाढवता पल्सची रुंदी, म्हणजे करंटच्या प्रत्येक ठोक्याचा वेळ वाढवतो. पण तिलाही हद्द आहे. प्रत्येक पल्समध्ये जेवढा चार्ज आत सोडला तेवढाच उलटा काढून घेतात, तरी एका दमात फार चार्ज दिला तर धातूपाशी पाण्याचं विघटन सुरू होतं. शरीरात ही सुरक्षित मर्यादा मिठाच्या पाण्यातल्यापेक्षा बरीच कमी भरते. त्यामुळे बीकरमधला आकडा मुलीच्या कानाला जसाच्या तसा लावता येत नाही, हात राखूनच काम करावं लागतं.

आता तुमच्या हातातलं. मशीन रोज, झोप-आंघोळ सोडून दिवसभर लावा. करंट वाहायला लागला की बहुतेक मुलांचा इम्पिडन्स पुढच्या काही आठवड्यांत उतरतो आणि मग स्थिरावतो. कपाटात ठेवलेल्या मशीनने तो उतरत नाही, हे मी जरा खरमरीतच सांगते, कारण लग्नसराईत आणि सुगीत हे हमखास घडतं.

दर मॅपिंगला रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि मागच्याशी ताडून बघा. एखाद-दुसरा इलेक्ट्रोड 'ओपन' (जोडणी तुटलेली) किंवा 'शॉर्ट' (दुसऱ्याशी चिकटलेली) दाखवत असेल तर तेवढाच बंद करून बाकीच्यांवर मॅप करता येतो, त्यासाठी सहसा पुन्हा ऑपरेशन करत नाहीत. पण स्थिरावलेले आकडे एकदम चढले आणि मुलगी हाकेला ओ देईनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनला दाखवा.