डोळ्यातून निघालेला चेतातंतू मेंदूतली आपली जागा कशी शोधतो?

गर्भात डोळा मेंदूशी जोडला जात असताना चेतातंतूंना वाट कोण दाखवते आणि तिचा नकाशा जनुकांत आधीच असतो का, असे आपण विचारले आहे. मी ग्वाल्हेरला प्राणिशास्त्र शिकवतो आणि माझ्या मते या प्रश्नाचा ‘नकाशा’ हा भागच फसवा आहे. माणसाच्या प्रत्येक डोळ्यातून सुमारे 10 लाख तंतू निघतात आणि त्यांतल्या एकालाही पूर्ण वाट ठाऊक नसते. तंतूच्या टोकाशी असलेला हाताच्या पंजासारखा वृद्धिशंकू आजूबाजूची प्रथिने चाचपत, काहींकडे ओढला जात आणि काहींपासून मागे सरत पुढे वाढतो.

मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी 1940च्या दशकात बेडकाची दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी तंतूंची जुडी, कापून डोळा 180 अंशांनी फिरवला. तंतू पुन्हा वाढले, पण ते आपापल्या मूळ जागीच जाऊन जोडले गेले. परिणामी माशी वर दिसली की बेडूक खाली झेपावत असे, आणि ही चूक अनुभवाने कधीच सुधारली नाही. जागेची ओळख रासायनिक असावी, हा त्यांचा तर्क पुढे खरा ठरला. 1995 मध्ये एफ्रिन नावाची प्रथिने हे काम करतात असे दिसले. मेंदूच्या दृष्टिकेंद्रात त्यांचे प्रमाण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत जाते आणि दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या) कानाकडील बाजूचे तंतू ती जास्त असलेला भाग टाळतात.

दृष्टिकेंद्रात पोचण्याआधी, दोन्ही डोळ्यांचे तंतू जिथे एकत्र येतात, तिथे पलीकडच्या बाजूला ओलांडायचे की आपल्याच बाजूला राहायचे हे ठरते. तिथल्या मध्यरेषेवर याच कुळातले दुसरे प्रथिन असते. ते ओळखणारा ग्राही (रेणू) ज्या तंतूंवर असतो, ते तिथून मागे वळून आपल्याच बाजूला राहतात. माणसात जवळपास निम्मे तंतू ओलांडतात, उंदरात मात्र बहुतेक सगळेच.

इथे फूलबागेतल्या प्राणी उद्यानात पांढरे वाघ आहेत, म्हणून विद्यार्थ्यांना मी नेहमी त्यांचेच उदाहरण देतो. अशा एका वाघाच्या मेंदूची तपासणी गिलरी आणि कास या संशोधकांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केली. त्यात आपल्याच बाजूला राहायला हवे होते असे पुष्कळ तंतू पलीकडे गेलेले आढळले. अनेक पांढऱ्या वाघांत दिसणारा तिरळेपणा याच्याशी जोडला जातो. पांढऱ्या वाघात कमी असलेले रंजकद्रव्य (रंग देणारे द्रव्य) डोळ्यात दृष्टिपटलामागच्या थरात असते, या तंतूंमध्ये नसते, आणि तरीही ते कमी पडले की तंतूंची बाजू चुकते. वर्णहीन माणसांतही हेच दिसते.