स्पर्शाची जाणीव काचेत की पडद्यात?

प्रश्न : जुन्या फोनची काच फुटली तेव्हा केवळ वरची काच बदलून काम भागले होते. नव्या फोनच्या बाबतीत मात्र संपूर्ण डिस्प्लेच बदलावा लागेल, असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. दोन्ही पडदे एलसीडीचेच (द्रवस्फटिकांचेच) असताना असे का?

उत्तर : फरक स्पर्श ओळखणारा थर कोठे बसवला आहे, यात आहे. जुन्या पद्धतीत इंडियम टिन ऑक्साइड या वीजवाहक पदार्थाच्या पारदर्शक रेषांचे जाळे एलसीडीपासून वेगळे, वरच्या काचेला चिकटवलेले असे, आणि पुष्कळदा दोहोंमध्ये हवेची फटही असे. म्हणून काच सुटी निघे, पण त्या फटीमुळे उन्हात पडदा फिका दिसे. ऑन-सेल पद्धतीत हे जाळे एलसीडीच्या रंगगाळणीच्या (चित्राला रंग देणाऱ्या थराच्या) काचेवर, बाहेरच्या बाजूस, थेट उमटवतात.

स्पर्श ओळखण्याचे काम एलसीडीच्या आतच करणारी इन-सेल पद्धत मला सर्वांत विलक्षण वाटते. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये ती वापरली गेली. तिच्यात द्रवस्फटिकांना विद्युतदाब पुरवणाऱ्या सामाईक इलेक्ट्रोडचेच (सर्व चित्रबिंदूंसाठी एकत्र असलेल्या वीजवाहक थराचेच) तुकडे पाडून त्यांच्याकडून स्पर्शही ओळखून घेतात; सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असेल, तर प्रत्येक चित्राला मिळणाऱ्या सुमारे १६.७ मिलिसेकंदांतूनच स्पर्श तपासण्यासाठी वेळ काढावा लागतो, अन्यथा चित्राचे संकेत स्पर्शाच्या क्षीण संकेतांत मिसळतात. पडदा यामुळे पातळ होतो. आपल्या नव्या फोनचा पडदा या प्रकारचा असल्यास, वरची काच त्याला पूर्ण पृष्ठभागावर पारदर्शक गोंदाने जोडलेली असणार. ती यंत्राने विलग करता येते; मात्र त्यात पडदा निकामी होण्याचा धोका मोठा असल्याने संपूर्ण डिस्प्ले बदलण्याचा सल्ला मला योग्यच वाटतो.