खिडकीतला मोबाइल

प्रश्न : मुलगी जळगावात वसतिगृहात राहते. उन्हाळ्यात मुली खिडक्या उघड्या टाकून झोपतात. मोबाइल चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं?
– एक पालक, चोपडा

उत्तर : पारा ४४ वर गेल्यावर खिडकी लावा म्हणणं व्यर्थ आहे. मोबाइलची जागा बदला. कट्ट्यावरचा फोन गजांतून हात घालून, नाहीतर काठीने ओढून नेता येतो. तीन मीटरची एक्स्टेंशन घ्या, चार्जिंग आतल्या भिंतीशी करा.

खरा धोका सिमचा. चोर ते दुसऱ्या फोनमध्ये घालतो, ओटीपी त्याच्याकडे जातात. म्हणून आजच सेटिंगमध्ये सिमला पिन लावायला सांगा. तीनदा चुकला की सिम बंद पडतं, मग पीयूके, म्हणजे सिम कंपनीकडून मिळणारा सिम उघडण्याचा कोड लागतो. पिन लक्षात हवाच. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, वहीत उतरवा.

फोन गेलाच तर आधी सिम बंद, लगेच बँकेला फोन. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन. मग पोलीस तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरून फोन ब्लॉक. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, त्यामुळे या अर्जाचा ओटीपी अडतो. घाबरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज भरा.