मनगटातली गाठ काढायची की ठेवायची?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझी मुलगी १९ वर्षांची आहे, एसवायला. दोन वर्षं ढोल पथकात वाजवते, नदीपात्रात प्रॅक्टिस सुरू झाली की घरी यायला दहा वाजतात. तिच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला पाच-सहा वर्षांपासून एक मऊसर फुगवटा आहे, दुखत नव्हता म्हणून आम्ही काही केलं नाही. आता वर्षभर अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, रात्री उठून हात झटकत बसते, मागच्या आठवड्यात तर वाजवताना हातातून टिपरू दोनदा सुटलं. एमआरआय केला, रिपोर्टमध्ये 'मीडियन नर्व्हचा फायब्रोलिपोमॅटस हॅमार्टोमा' असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणाले गाठ काढून टाकू, दुसरे म्हणाले गाठीला हातच लावायचा नाही. कोणाचं ऐकायचं? तिचं मधलं बोट जन्मापासून जरा जाड आहे, सासूबाई म्हणायच्या नशीब घेऊन आलीय पोर. हे सगळं ढोलमुळे झालं का? ट्यूमर शब्द वाचल्यापासून मला झोप नाहीये. – एक आई, सिंहगड रोड

उत्तर : ताई, आधी तुमच्या झोपेचं बघू. हा कॅन्सर नाही आणि याचा पुढे कॅन्सर होतो असंही दिसलेलं नाही. नावाच्या शेवटी 'ओमा' आलं की आपल्या पोटात गोळा येतो, पण हॅमार्टोमा म्हणजे त्या जागेचीच पेशी त्या जागी गरजेपेक्षा जास्त आणि अस्ताव्यस्त वाढलेली, बाहेरून कोणी घुसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर याला लिपोमॅटोसिस ऑफ नर्व्ह म्हणतात, म्हणजे नसेत चरबी साठणं. हे नाव मला जास्त आवडतं, निदान घाबरवत तरी नाही.

आता दोन डॉक्टरांची दोन मतं का, ते समजून घ्या, कारण तुमचा सगळा प्रश्न तिथेच अडकलाय. साधी चरबीची गाठ असते ना, लिपोमा, तिला स्वतःची पिशवी असते, कापलं की लिंबाच्या बीसारखी सुटून बाहेर येते. तुमच्या मुलीची तशी नाहीये. मीडियन नर्व्ह म्हणजे मनगटातून अंगठ्याकडे आणि शेजारच्या बोटांकडे जाणारी नस. ती एक सलग दोरी नसते, आत बारीक बारीक धाग्यांचे जुडगे असतात, आणि या आजारात त्या जुडग्यांच्या मधोमध चरबी आणि तंतू भरतात, सगळी नस आतूनच फुगते. एमआरआयची फिल्म असेल तर उजेडात धरून बघा, मनगटाचा आडवा छेद असतो त्यात ती नस जुन्या टीव्हीची जाड केबल कापल्यासारखी दिसेल, पांढऱ्या चरबीत काळे ठिपके, आणि उभ्या छेदात थेट शेवया. हे चित्र इतकं ठरलेलं आहे की अनुभवी रेडिओलॉजिस्ट बघताक्षणी सांगतो. म्हणून तुकडा काढून तपासायचीही गरज बहुतेक वेळा पडत नाही. कोणी बायोप्सी सुचवली तर का म्हणून विचाराच, कारण तुकडा घेताना एखादी शेवई तुटली तर तेवढा भाग बधिर.

मग आता 'गाठ काढून टाकू' म्हणजे काय ते बघा. खिरीतून शेवया न तोडता नुसतं दूध काढायचं. पूर्वी लोकांनी नस कापून गाठ काढून पाहिली, गाठ गेली आणि बोटांची संवेदना आणि अंगठ्याची ताकदही गेली. त्यामुळे माझं मत दुसऱ्या डॉक्टरांकडे झुकतं, पण अर्धंच, कारण गाठीला हात लावायचा नाही याचा अर्थ ऑपरेशनच नको असा होत नाही.

मनगटात एक अरुंद बोळ आहे, कार्पल टनेल. मागे आणि बाजूला हाडं, वर एक जाड पट्टा, आणि एवढ्याशा जागेतून बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या आणि ही मीडियन नर्व्ह जाते, म्हणजे लक्ष्मी रोडला शनिवारी संध्याकाळी असतं तसं. त्यात नसच जाड झाली तर दबणार ती स्वतःच. रात्री मुंग्या येणं, हात झटकल्यावर बरं वाटणं, वस्तू हातातून सुटणं हे सगळं त्या दाबाचं आहे. तिला विचारा करंगळीला मुंग्या येतात का, बहुतेक नाही म्हणेल, कारण करंगळीची नस वेगळी आहे आणि ती या बोळातून जात नाही. तर ऑपरेशन करायचं ते त्या वरच्या पट्ट्याचं, तो कापून नसेला जागा करून द्यायची, नस तशीच ठेवायची. गाठ दिसत राहील, कदाचित थोडी जास्तच वर आल्यासारखी वाटेल, हे आधीच मनाशी धरा नाहीतर टाके काढल्यावर 'मग केलं काय' असं होतं. मुंग्या बऱ्याच कमी होतात, पण शंभर टक्के जातीलच असं मी लिहून देणार नाही. आणि फार थांबूही नका, नस वर्षानुवर्षं दबून अंगठ्याखालचा गादीसारखा स्नायू एकदा सुकला की तो पुन्हा भरून येणं अवघड असतं. दोन्ही तळहात शेजारी ठेवून बघा, उजवीकडे खड्डा दिसतोय का. आधी एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी, करून घ्या, नस किती दबलीय ते त्यात कळतं, आणि ऑपरेशन हाताच्याच सर्जनकडे करा.

ढोलमुळे गाठ झाली नाही. ही गडबड बहुधा जन्माआधीच झालेली असते, अलीकडे अशा गाठींमध्ये पीआयके३सीए नावाच्या जनुकात बदल सापडलेत, पण तो बदल त्या भागातल्या पेशींपुरताच असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो, तेव्हा माहेर-सासर असा वाद घरात सुरू असेल तर तोही थांबवा. जाड बोट त्याच गोष्टीचा भाग आहे, बऱ्याच जणांमध्ये दोन्ही सोबत दिसतं. लहानपणी लक्षात आलं तर बोट त्याच लिंगाच्या पालकाच्या बोटाएवढं झाल्यावर हाडाची वाढ थांबवायचं छोटं ऑपरेशन करतात, तुमच्या मुलीची हाडं आता वाढायची थांबली असतील, त्यामुळे तिला त्रास नसेल तर सोडून द्या. ढोलाने त्रास वाढतो मात्र नक्की, टिपरू आवळून तासन्‌तास मारणं त्या बोळाला झेपत नाही. यंदा तिला झांज किंवा ध्वज द्या म्हणावं पथकाला. रुसेल, रुसू दे. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावा, आणि गरम तेलाने चोळून गाठ विरघळते असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या, चोळून नस अजून चिडते.

प्रश्न : माझ्या दंडावर दहा वर्षांपासून सुपारीएवढी मऊ गाठ आहे, बोटाने सरकते, मुंग्या वगैरे काही नाही. हीच का ती? – वाचक, हडपसर

उत्तर : नाही वाटत, ही साधी लिपोमा असावी. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या आणि मग विसरून जा. पटापट वाढली, कडक झाली किंवा दुखायला लागली तर मात्र सोनोग्राफी लगेच करा.