परसातले प्रश्न : खुराडं बंद करावं की उघडं ठेवावं?

प्रश्न : आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. घरामागे १२ बाय १० फुटांची मोकळी जागा आहे. दिवाळीनंतर झाबुआकडून पाच कडकनाथ कोंबड्या आणल्या आणि लाकडी चौकटीवर जाळी ठोकून खुराडं केलं. गेल्या आठवड्यात रात्री कोपऱ्यातली जाळी उचकटून कुणीतरी दोन कोंबड्या मारल्या. सासूबाई म्हणतात मुंगूस असणार. यजमान आता चारी बाजूंनी पत्रा मारायचा म्हणतात. उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून मला धास्ती वाटते. काय करावं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, तुमची धास्ती खरी आहे. यजमानांना सांगा, पत्रा मारू नका.

माझं पहिलं खुराडं मी असंच केलं होतं. मांजराच्या भीतीनं तिन्ही बाजूंना पत्रा आणि पुढे फळ्यांचं दार. मे महिन्यात एका दुपारी दार उघडलं तर भट्टीसारखी झळ तोंडावर आली. तांबडी कोंबडी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून बसली होती. गळ्याखालची कातडी भराभरा थरथरत होती. कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात मुख्यतः धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर टाकते, आणि आतली हवाच तापलेली, कोंदट असली तर धापांचाही उपयोग होत नाही. सावलीत आणली, पाणी दिलं, पण तासाभरात ती गेली. ती माझ्या चुकीनं गेली, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीनं सांगते आहे.

आता चोराचं. मुंगूस दिवसाउजेडी येतं. रात्री जाळी उचकटून आत शिरलं ते कुत्रं असावं, नाहीतर मोठा बोका. म्हणजे दोष उघडेपणाचा नाही, जाळीचा आणि ती ठोकण्याचा आहे. कोंबड्यांची म्हणून जी षटकोनी, बारीक तारेची जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते; कुत्र्याला अडवत नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डची जाळी घ्या. चुका मारून भागणार नाही, त्या एका हिसक्यात निघतात. जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवून स्क्रूनं आवळा. दाराला नुसता हुक नको. कडी-कोयंडा आणि त्यात खिटी.

खालची बाजू मात्र लोक विसरतात. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच फटीतून घूस आणि मुंगूस येतात. म्हणून फूटभर उंच विटांचा ओटा करून त्यावर खुराडं उभारा, आणि भोवताली दीड फूट रुंद जाळी आडवी अंथरून वर माती टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरतं आणि तिथेच त्याचे पंजे जाळीला अडतात.

पाच कोंबड्यांना आत ४ बाय ५ फूट पुरतात, बाकी अंगण दिवसा फिरायला. उंची मात्र तुम्हाला ताठ उभं राहता येईल एवढी ठेवा, नाहीतर रोजची झाडलोट होत नाही. छपराखाली समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना वीतभर पट्टा जाळीचा, म्हणजे गरम हवा आणि विष्ठेचा उग्र वास वरून निघून जातो. थंडीत वारा अंगावर येऊ नये म्हणून हा पट्टा बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवा. पत्रा घालायचाच तर तो छपरावर. त्याला चुना मारा, वर गव्हाचं काड पसरा, आणि दुपारी जाळीवर ओलं गोणपाट सोडा.

कडकनाथला उंच बसायची हौस फार. बसायला दोन इंच जाडीचा, कडा घासून गोल केलेला लाकडी दांडा द्या, कोंबडीमागे आठ-दहा इंच धरून. लोखंडी पाइप नको. दांडा अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच असू द्या, नाहीतर त्या रात्री खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. फूटभर लांबी-रुंदीची दोन खोकी पाच जणींना पुष्कळ.

खाली तीन-चार इंच कोरडा भुसा, ओला झाला की लगेच काढायचा. तो कचरागाडीत देऊ नका. कुजवून झाडांना घाला. दाणे झाकणाच्या डब्यात ठेवा. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

हे सगळं व्हायला आठवडा लागेल. ज्यानं दोन मारल्या तो परत येणारच, तेव्हा तोवर उरलेल्या तिघींना संध्याकाळी डालग्याखाली घालून घरात, निदान मोरीत तरी ठेवा. त्या घाबरलेल्या आहेत. काही दिवस अंडी आली नाहीत तरी चिंता करू नका.